साथीच्या काळात रुग्णालयातल्या स्टाफचं मन सांभाळायचं कसं? सुरुवात ड्युटी रोस्टरपासून

साथ सुरू झाली की थोड्याच दिवसांत रुग्णालयाच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो: 'सर्व कर्मचाऱ्यांसाठी ताणतणाव व्यवस्थापनावर व्याख्यान. दुपारी 3 वाजता. उपस्थिती अनिवार्य.' त्या वेळी सकाळची ड्युटी केलेली सिस्टर घरी जायला निघालेली असते, दुपारची नुकतीच संसर्गापासून वाचवणारी किट (पीपीई) चढवून आत गेलेली असते आणि नाईटवाली झोपलेली असते. सभागृहात बसतात ते ऑफिसातले क्लार्क आणि दोन-तीन प्रशिक्षणार्थी. व्याख्याते डोळे मिटायला सांगतात, दीर्घ श्वास घ्यायला लावतात, फोटो निघतो आणि विषय संपतो.

दीर्घ श्वासाशी माझं भांडण नाही. पण रुग्णालयातल्या माणसांशी समुपदेशक म्हणून बोलताना मला वारंवार दिसलंय की त्यांचं मन तीन गोष्टींनी पोखरलं जातं: झोप मोडणारं रोस्टर, एकट्याच्या गळ्यात पडलेला निर्णय, आणि आपलं कोणी विचारत नाही ही भावना. यातल्या कुठल्याच गोष्टीवर श्वास हा उपाय नाही. त्यामुळे या लेखात समुपदेशक बराच उशिरा येतो. आधी येतात इन्चार्ज सिस्टर, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आणि व्यवस्थापन.

लेख नाशिकमधल्या मध्यम आकाराच्या रुग्णालयांसाठी आहे. नाशिकरोडचं महापालिकेचं असो, गंगापूर रोडवरचं खाजगी असो, नाहीतर दिंडोरी-कळवणकडचं ग्रामीण रुग्णालय असो. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि बहुतेक ठिकाणी त्या काळातल्या फायली कपाटात गेल्या. पुढची साथ कशाची असेल हे सांगता येत नाही. शिवाय आपल्या शहरात 2027 चा सिंहस्थ आहेच. गर्दी आणि आजार यांचं नातं कुंभाच्या गावाला वेगळं समजावून सांगायला नको. तयारी शांततेच्या दिवसांत होते, म्हणून पहिली पायरी आजची आहे.

पहिली पायरी: एक माणूस नेमा, आणि तो साहेब नको

स्टाफच्या विचारपुशीसाठी एका व्यक्तीचं नाव लेखी ठरवा. निवडताना एकच पथ्य पाळा: जी व्यक्ती रजा मंजूर करते किंवा गोपनीय अहवाल लिहिते ती नको. 'मला रात्री धडधडतं, वॉर्डात पाय टाकवत नाही' हे कोणी आपल्या मेट्रनला, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना, सहसा सांगत नाही. मेट्रन कितीही प्रेमळ असल्या तरी नाही. एखादी अनुभवी परिसेविका चालेल, समाजसेवा अधीक्षक चालतील, रक्तपेढीतले सगळ्यांना धरून असलेले एखादे दादाही चालतील. रोज दोन तास त्यांना वॉर्डच्या कामातून मोकळं ठेवा. 'तुमचं काम सांभाळून हेही बघा' असं म्हटलं की ते काम होत नाही.

त्यांच्या जोडीला चतुर्थ श्रेणीतून एक मावशी किंवा मामा घ्या. हे मी आग्रहाने सांगतो. मृतदेह पॅक कोण करतं? बेडपॅन कोण उचलतं? साथीत रुग्णाच्या सर्वांत जवळ तासन् तास कोण असतं? आणि 'कोरोना योद्धा' म्हणून शाल-श्रीफळ कोणाला मिळालं? एजन्सीमार्फत आलेली मावशी सिस्टरपुढेही मन मोकळं करत नाही, समुपदेशक तर लांबच. ती दुसऱ्या मावशीपाशीच बोलेल.

या दोघांचं पहिलं काम म्हणजे एक वही. तिच्यात सगळ्यांची नावं हवीत. नर्सेस आणि डॉक्टरांबरोबर लॅब, एक्स-रे, लाँड्री, किचन, सिक्युरिटी, रुग्णवाहिकेचे चालक, बायोमेडिकल कचरा नेणारे. प्रत्येकापुढे चार गोष्टी: कुठून येतात, घरी कोण कोण आहे, स्वतःला काही आजार किंवा चालू औषध आहे का, आणि अडचणीत कोणाला फोन करायचा. सुरगाण्याहून आलेली, सिडकोत तिघींत खोली घेऊन राहणारी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली मुलगी आणि इंदिरानगरात सासू-सासऱ्यांबरोबर राहणारी दोन लहान मुलांची आई, या दोघींवरचा भार एकाच ड्युटीत वेगवेगळा असतो. तो आधी माहीत नसेल तर रोस्टर आंधळं बनतं. वही कुलूपबंद ठेवा.

दुसरी पायरी: रोस्टर

या लेखातलं दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा.

रात्रीची ड्युटी सलग तीनच्या वर नको. नाईटचा पूर्ण आठवडा लावला की रोस्टर लिहिणाऱ्याला सोपं जातं, पण चौथ्या-पाचव्या रात्री पहाटे औषधाचा डोस मोजताना चूक व्हायची शक्यता वाढते. त्या चुकीची बोचणी मग वर्षानुवर्षं राहते.

ड्युट्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकवा. उलट फिरवल्या तर शरीराला झोप जुळवता येत नाही. संध्याकाळची ड्युटी संपवून लगेच दुसऱ्या दिवशी सकाळची लावू नका. कागदावर अंतर पुरेसं दिसतं, पण ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवणं) लांबते, किट उतरवून अंघोळ होते, ओझरपर्यंत गाडी मारायची असते, घरी स्वयंपाक असतो. हातात झोपेचे पाच तास उरतात. दोन ड्युट्यांमध्ये निदान अकरा तास पूर्ण मोकळे मिळायला हवेत.

रोस्टर दोन आठवड्यांचं आधी लावा आणि त्यात बदल करायचा तर फोन करून विचारा. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या सकाळी अमुक सिस्टर आयसीयूला' असा मेसेज टाकायची सवय आधी मोडा. फोन वाजला की छातीत धस्स होतं, असं सांगणाऱ्या कितीतरी जणींचं मूळ या ग्रुपमध्ये असतं. ड्युटीचे मेसेज आणि सुविचार-वाढदिवसांचा ग्रुप हे वेगळे ठेवा. ड्युटीच्या ग्रुपवर रात्री नऊनंतर शांतता हवी. खरी आणीबाणी असेल तर कॉल करा.

जड आणि हलका विभाग आलटून पालटून द्या. आयसीयू किंवा आयसोलेशनमध्ये दोन आठवडे काढले की एक आठवडा लसीकरण, ओपीडी किंवा स्टोअर. इथे एक अडचण हमखास येते. आयसीयू येणाऱ्या चार सिस्टर असतात आणि त्या चांगलं काम करतात म्हणून त्यांनाच पुन्हा पुन्हा लावलं जातं. चांगलं काम येण्याची ही शिक्षा झाली. साथ नसताना आणखी आठ जणींना व्हेंटिलेटरचं प्राथमिक शिक्षण देऊन ठेवणं हा मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम आहे, भले बजेटमध्ये तो 'प्रशिक्षण' या शीर्षकाखाली दिसो.

ऑफ म्हणजे ऑफ. ज्याचा ऑफ रद्द झाला त्याला तो कोणत्या तारखेला मिळणार हे त्याच दिवशी लिहून द्या. 'बघू नंतर' या उत्तराने माणूस जितका तुटतो तितका डबल ड्युटीनेही तुटत नाही.

प्रतिनियुक्तीवर आलेल्यांचं रोस्टर वेगळ्या नजरेने बघा. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव राज्यातल्या मोठ्या हॉटस्पॉटपैकी एक होतं आणि तिथे बाहेरून कर्मचारी पाठवले गेले. अनोळखी गाव, अनोळखी सहकारी, हॉटेलची खोली, जेवणाचं पाकीट. अशा माणसाला पहिल्या दिवशी तिथल्याच एका स्थानिक सहकाऱ्याशी जोडून द्या आणि परतीची तारीख आदेशातच लिहा. तारीख पुढे गेली तरी चालते. ती नसली तर माणूस दिवस मोजायचंही सोडून देतो.

तिसरी पायरी: संडास, पाणी, पडायला जागा

हे थोडक्यात, कारण यात चर्चा करण्यासारखं काही नाही, फक्त करायचं आहे. किटमध्ये सलग चार तासांपेक्षा जास्त वेळ नको, सहा झाले तर डोक्यावरून पाणी. नाशिकची हवा थंड म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिलमध्ये किटच्या आत ती कुठेच नसते. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका प्रत्येक रुग्णालयात होत्या. पाळीच्या दिवसांत किटची ड्युटी बदलून मागता आली पाहिजे आणि तेही कारण न सांगता. 'आज बाहेरची द्या' एवढं पुरे. किट उतरवण्याच्या (डॉफिंगच्या) जागेजवळ स्वतंत्र, स्वच्छ, आतून कडी लागणारा संडास, सॅनिटरी पॅड, मीठ-साखरेचं पाणी ठेवा. रात्री बारा वाजता गरम जेवण द्या, बिस्किटांवर भागवू नका.

आणि एक खोली. दोन खाटा, पंखा, जाड पडदा, मोबाइल चार्जर. नाईटला प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं आळीपाळीने पडता यावं. सकाळी घरी निघण्याआधी ज्याला डुलकी हवी त्याला तिथेच काढू द्या. रात्रभर जागून द्वारका चौकातून दुचाकी घालणं किती धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको. पहाटे तीननंतर चहा-कॉफी टाळली तर सकाळची झोप बरी लागते.

चौथी पायरी: ओव्हरला दोन मिनिटं, आणि जोडी

ओव्हर देताना आपण रुग्णांची माहिती देतो: बेड नंबर, सॅच्युरेशन, चालू ड्रिप, राहिलेला रिपोर्ट. शेवटी दोन मिनिटं माणसांसाठी ठेवा. ओव्हर घेणाऱ्या इन्चार्जने उभ्या उभ्या तीन प्रश्न विचारायचे: आज सगळ्यात जड काय गेलं? काय नीट झालं? घरी कसं जाणार? यापेक्षा खोलात जायचं नाही. कोणी 'काही नाही' म्हटलं तर 'बरं' म्हणून पुढे जायचं. दहा वेळा 'काही नाही' म्हणणारा अकराव्या वेळी बोलतो, कारण प्रश्न रोज येतो हे त्याला ठाऊक झालेलं असतं.

जोडी अशी लावा की एक जुना आणि एक नवा, शक्यतो एकाच पाळीत. त्यांनी एकमेकांची किट तपासायची, एकमेकांना पाणी प्यायला बाहेर काढायचं आणि एकमेकांतला बदल टिपायचा. बडबडी सिस्टर अचानक गप्प झाली, शांत ब्रदर मावशींवर खेकसायला लागला, डबा न उघडता परत जातो, एकच इंजेक्शन तीनदा तपासलं जातं, ड्युटी संपली तरी कोणी घरी जायला निघत नाही. हे टिपायला पदवी लागत नाही. बदल दिसला की बोलायचं कसं, हाच प्रश्न असतो. 'तुला काय झालंय?' असं विचारलं की समोरचा दार लावून घेतो. त्याऐवजी डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगा: 'दोन दिवस झाले, डबा तसाच नेतेस. बस जरा, चहा घेऊ.' वरिष्ठ डॉक्टरांच्या बाबतीत 'सर, तुम्ही काल घरी गेलाच नाहीत ना?' हे वाक्य चालतं. डॉक्टर या बाबतीत सगळ्यात कच्चे. त्यांना कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर ते उत्तरात दुसऱ्याचाच रिपोर्ट सांगतात.

पाचवी पायरी: बेड कोणाला, हा निर्णय एकट्याचा नको

थकवा आणि बोचणी यांत फरक आहे. थकवा सुट्टीने उतरतो. 'मी तो व्हेंटिलेटर पाच नंबरला लावला आणि सात नंबर गेला' ही बोचणी सुट्टीत वाढते, कारण सुट्टीत विचार करायला वेळ मिळतो. साथीत योग्य काय हे ठाऊक असूनही ते करायला साधन नसतं. अशा वेळी केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टीचं ओझं तरुण निवासी डॉक्टर आणि रात्रीची सिस्टर यांच्यावर येतं.

त्यावर औषध प्रशासकीय आहे. साधनं तुटपुंजी पडायच्या आधीच तीन जणांची समिती नेमा: एक फिजिशियन, एक भूलतज्ज्ञ आणि प्रशासनातली एक व्यक्ती. बेड आणि व्हेंटिलेटर कोणत्या निकषावर द्यायचे ते लिहून काढा आणि प्रत्येक वॉर्डात लावा. रात्रीसाठी समितीतली एक व्यक्ती फोनवर उपलब्ध हवी, आणि तिने घेतलेला निर्णय तिच्याच नावाने केसपेपरवर नोंदवायचा. नगरसेवकाचा फोन आला तर ड्युटीवरच्या डॉक्टरने एवढंच सांगायचं: 'हा निर्णय समिती घेते, साहेब. त्यांचा नंबर देतो.' या एका वाक्याने पोरांच्या पाठीवरचं निम्मं ओझं उतरतं.

नंतर बोचणी घेऊन कोणी आलं तर 'तुझी काही चूक नव्हती' असं घाईने म्हणू नका. ते वाक्य तो स्वतःला शंभरदा सांगून बसलेला असतो. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून त्या रात्रीचा हिशेब मांडा: तेव्हा किती बेड होते, किती ऑक्सिजन होता, तुला काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं. माणूस मागून मिळालेल्या माहितीवर स्वतःचा खटला चालवत असतो. तो वेळेचा क्रम सरळ लावून दिला की पुष्कळदा तो स्वतःच थोडा सैल होतो.

सहावी पायरी: मृत्यूनंतरची पाच मिनिटं

बातमी सांगण्याचं काम नेहमी एकाच गोड बोलणाऱ्या डॉक्टरवर टाकू नका, आळीपाळीने द्या. फोनवर सांगायचं असेल तर शांत जागी बसून सांगा, कॉरिडॉरमध्ये चालता चालता नको. शब्द आधीच तयार असले की सांगणाऱ्याचाही थरकाप कमी होतो. साधारण असं:

'नमस्कार, मी रुग्णालयातून डॉक्टर बोलतेय. तुम्ही आजोबांचे कोण? आत्ता कुठे आहात, गाडी तर चालवत नाही ना? जवळ कोणी आहे का? बातमी वाईट आहे.' इथे थांबा. दोन श्वास जाऊ द्या. 'आजोबा पहाटे सव्वाचारला वारले. शेवटी त्यांच्याजवळ आमच्या सिस्टर होत्या.' शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. मग समोरच्याला बोलू द्या, रडू द्या, शिव्याही देऊ द्या. कागदपत्रांचं आणि अमरधामचं बोलणं दुसऱ्या फोनवर, थोड्या वेळाने.

वॉर्डात रुग्ण गेला की पुढचा पेशंट घेण्याआधी त्या बेडजवळ असलेल्या सगळ्यांनी, मावशींसकट, अर्धा-एक मिनिट थांबायचं. कोणाला हात जोडायचे असतील, कोणाला दुआ म्हणायची असेल, कोणाला नुसतं उभं राहायचं असेल. गर्दीच्या दिवशीही हे जमतं. बॉडी पॅक करणाऱ्या दोघांना त्यानंतर दहा मिनिटं बाहेर पाठवा आणि त्याच पाळीत पुन्हा तेच काम शक्यतो देऊ नका.

सातवी पायरी: एखादा दिवस उद्ध्वस्त करून गेला तर

21 एप्रिल 2021 रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा अर्ध्या तासाच्या आसपास खंडित झाला आणि त्या दिवशी 22 रुग्णांचा मृत्यू झाल्याचं जाहीर झालं. नाशिककरांना ती तारीख विसरता येत नाही. बाहेर चौकशा, कॅमेरे, मंत्र्यांचे दौरे सुरू होतात, तेव्हा आत त्याच वॉर्डात त्याच सिस्टर आणि ब्रदर उरलेल्या रुग्णांना सांभाळत असतात. असा दिवस कुठल्याही रुग्णालयावर येऊ शकतो. मग काय करायचं?

पहिले काही तास: जे प्रत्यक्ष तिथे होते त्यांना बदली देऊन बाहेर काढा, पण एकटं घरी पाठवू नका. पाणी, खायला, बसायला जागा, घरी एक फोन. माध्यमांसमोर एकच अधिकृत व्यक्ती बोलेल असं ठरवा आणि बाकीच्यांना मागच्या दाराने सुरक्षित जाऊ द्या. चौकशीला जबाब द्यायचा असेल तर त्याच रात्री नको. आणि जबाबाच्या वेळी रुग्णालयाचा एक ज्येष्ठ माणूस सोबत हवा.

पहिले तीन दिवस: 'सगळ्यांनी गोल करून बसा आणि काय झालं ते एकेकाने सांगा' असला कार्यक्रम घेऊ नका. उत्साहात तो पुष्कळदा घेतला जातो, पण अशी सक्तीची एक बैठक पुढचा आजार टाळते असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि काहींना त्याने त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारात तीन कामं सांगितली आहेत: पाहणं, ऐकणं, जोडून देणं. कोण थरथरतोय, कोण दगड होऊन बसलाय ते पाहा. बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर शेजारी बसा. घरच्यांशी, मित्राशी, गरज असेल तर डॉक्टरशी जोडून द्या.

पहिला महिना: झोपेत दचकणं, तो आवाज ऐकू येणं, त्या वॉर्डाच्या जिन्यावर पाय अडखळणं हे अनेकांना होतं आणि पुष्कळांचं हळूहळू ओसरतं. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे 'मला वेड लागतंय का' ही भीती वेगळी वाढत नाही. महिना उलटूनही तसंच राहिलं किंवा त्याआधीच काम-झोप-जेवण पार कोलमडलं, तर मानसोपचारतज्ज्ञ. वहीत त्या दिवशी हजर असलेल्यांच्या नावांपुढे खूण करा. पुढच्या वर्षी ती तारीख आली की त्यांना कोणती ड्युटी हवी ते विचारून लावा.

आठवी पायरी: मारहाण झाली तर तक्रार संस्थेची

नातेवाइकाने सिस्टरच्या कानाखाली मारली आणि ती एकटी पोलीस ठाण्यात बाकावर बसली आहे, असं कधीही होऊ देऊ नका. तक्रार रुग्णालयाने द्यायची, सोबत प्रशासनातला माणूस जायचा. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. साथरोग कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने साथीच्या काळातल्या हिंसेला तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर इजा असेल तर सहा महिने ते सात वर्षं कैदेची तरतूद केली आणि तपासाला 30 दिवसांची मुदत घातली. त्या दुरुस्तीत राहण्याच्या जागी होणारा छळही येतो. त्यामुळे 'खोली खाली करा' म्हणणाऱ्या घरमालकाला रुग्णालयाच्या लेटरहेडवर एक सभ्य पत्र पाठवलं तरी बहुतेकदा काम होतं.

सिक्युरिटीच्या मामांना फक्त दारात उभं करू नका. दिवसातून दोन ठरावीक वेळी नातेवाइकांना रुग्णाची माहिती मिळाली, तर बरीचशी भांडणं सुरूच होत नाहीत.

नववी पायरी: घर

इथे रुग्णालयाचा हात फार पोचत नाही, तरी काही करता येतं. ज्यांना घरी जाण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी राहायची सोय करा, पण सक्ती नको. काहींना घर हाच आधार असतो. वेगळं राहणाऱ्या आईला ड्युटीच्या मध्ये मुलाशी व्हिडिओ कॉलला दहा मिनिटं आणि चालणारं वायफाय द्या. स्टाफपैकी कोणी आजारी पडलं तर त्याला बेड शोधायला वणवण करावी लागू नये. 'आपल्याच दवाखान्यात आपल्याला जागा नाही' ही जखम फार खोल जाते. विमा, रजा, क्वारंटाईनचा पगार, ईएसआयसीचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड हे कागद एका माणसाकडे सोपवा. एजन्सीच्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ईएसआयसी कापलं जात असेल तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाचा हक्क त्याला असतो. हे खुद्द त्यालाच कोणी सांगितलेलं नसतं.

दहावी पायरी: तज्ज्ञाकडे कधी, कुठे

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, झोप गेलेली, कशात रस नाही, सतत चिडचिड. ड्युटीला निघताना छाती भरून येते. झोपेसाठी स्वतःच गोळ्या सुरू केल्या. रोज दारू लागते. यातलं काहीही दिसलं की पाठवा. औषधाचं कपाट हाताशी असलेल्या माणसाला स्वतःवर उपचार करायचा मोह होतो, आणि अल्प्राझोलामसारख्या झोप आणणाऱ्या गोळीची सवय नकळत लागते. पीएचक्यू-9 ही नैराश्य ओळखण्याची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत मिळते, पाच मिनिटांत होते. गुण 0 ते 27 असतात, 10 किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवावं. ती नाव न लिहिता, स्वतःची स्वतः करू द्या. सक्तीने भरून घेतली तर सगळे शून्यच लिहितात.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही असेल आणि माणूस तुमच्याशी बोलत असेल, तर त्याच दिवशी सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं हेही ठरवलंय का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. विचारणारं कोणी भेटलं म्हणून उलट सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका, औषधांच्या कपाटाची किल्ली आणि भूल विभागाची ड्युटी गाजावाजा न करता दुसऱ्याकडे द्या, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला भेटवा.

कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला, म्हणजे कोविडच्या दोन मोठ्या लाटांत तो नव्हता. या वेळी आहे, तर संडासाच्या दारामागे चिकटवा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून तो नंबर कोणी टिपून घेत नाही. आपल्याच रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला बहुतेकांना संकोच वाटतो. म्हणून दुसऱ्या रुग्णालयाशी साटंलोटं करा: तुमचे आमच्याकडे, आमचे तुमच्याकडे, केसपेपर संध्याकाळी ओपीडी संपल्यावर. 'ठाण्याला नेतील', 'येरवड्याला पाठवतील' ही आपल्याकडची जुनी भीती डॉक्टरांच्या घरांतही आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा मिळाला पाहिजे असं बंधन घातलं आहे. रजेच्या अर्जावर 'वैद्यकीय कारण' एवढंच पुरेसं आहे हे प्रशासनाने लेखी कळवावं.

साथ ओसरल्यावर

वॉर्ड रिकामा झाला की खरी पडझड दिसायला लागते. धावपळीत दाबून ठेवलेलं सगळं तेव्हा वर येतं, आणि नेमकं तेव्हाच प्रशासनाचं लक्ष बिलं आणि ऑडिटकडे गेलेलं असतं. लाट ओसरल्यापासून तीन महिने नेमलेल्या दोघांचं काम बंद करू नका. साठलेले ऑफ याच काळात द्या, आळीपाळीने, आणि सलग आठवडाभर तरी. सत्कार ठेवायचाच असेल तर मावशींचं नाव पहिलं घ्या, आणि त्याआधी थकलेलं मानधन चुकतं करा.

शेवटचं, आणि सगळीकडे राहून जाणारं: कंत्राटी. साथीसाठी तीन-तीन महिन्यांच्या आदेशावर घेतलेली मुलं-मुली लाट संपली की एका पत्राने घरी जातात. त्यांनी तेच मृत्यू पाहिलेले असतात. पण ओव्हरला भेटणारी जोडी, सिस्टर, मावशी, सगळंच एका दिवसात सुटतं, आणि ती पेठ-सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर एकटी बसतात. त्यांना निदान पंधरा दिवस आधी कळवा, अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशी हातात द्या, टेली-मानसचा नंबर सांगा. वहीत त्यांची नावं आहेतच. एका महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी प्रत्येकाला फोन करायची जबाबदारी नावानिशी वाटून द्या आणि फोन झाला की पुढे तारीख टाका. फोन लागला नाही, तर 'अडचणीत कोणाला फोन करायचा' या रकान्यातला नंबर लावा.